रेणूच्या वर्गाचं आवतन

लाखोळीची डाळ अर्धी पाखडून झाली होती, अर्धी सुपात होती, तेवढ्यात रेणू पायरीवर येऊन बसली.

"काकी, हळद हाय का घरी? चिमूटभर नाई, जरा जास्त पाहिजे."

"कोणाचं लगन निघालं वो?"

"माह्या वर्गाचं," ती म्हणाली आणि सुपातले खडे वेचायला लागली. रिकामं बसणं तिला जमतच नाही.

रेणू ही धिवरटोलीतल्या छोटेलालची मुलगी. छोटेलाल बोदलकशाच्या तलावात जाळं टाकतो आणि सकाळी सायकलवर मासळी घेऊन गावोगाव फिरतो. त्या घरात बारावीच्या पुढे गेलेली ही पहिलीच. गोंदियाला राहून डी.एड. केलं, परीक्षा दिल्या, पासही झाली, पण नोकरी काही लागली नाही. आमच्या शाळेत एका गुरुजींची जागा रिकामी होती, म्हणून मागच्या वर्षी शाळा समितीनं तिला मानधनावर पहिलीला ठेवलं. यंदा मुख्याध्यापक बकाराम सरांनी आधीच सांगून टाकलं होतं. पहिलीत नवी दहा मुलं बसली तर समिती तुला ठेवेल. नाही बसली तर पहिली-दुसरी मीच एकत्र घेईन, तुझं काम राहणार नाही. गावात त्या वयाची मुलं त्याहून जास्त आहेत. पण आता गावात पिवळी व्हॅन येते आणि रस्त्यावरच्या इंग्रजी कॉन्व्हेंटात मुलं भरून नेते.

उन्हाळाभर रेणू शाळेची चावी घेऊन जायची. माझं घर शाळेला लागून, त्यामुळे तिचं सगळं चाललेलं मला दिसे. भिंती तिनं छुईच्या पांढऱ्या मातीनं पोतारल्या, खाली गेरूचा पट्टा ओढला. मी पाणी घेऊन जायची आणि बसून राहायची. तिच्या डोक्यात वर्ग कसा असावा ते सगळं पक्कं होतं, आणि ते पुस्तकातलं नव्हतं.

दाराजवळ तिनं एक पोतं घडी करून अंथरलं होतं. मी विचारलं, हे कायले?

"रडाले," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी पोट्टे रडतेत, त सर म्हणतेत चूप. काऊन चूप? मायले सोडून आला तो, रडनच ना. येथी बसून रडावं, झालं की उठून यावं. दुसरीतलं एक पोट्टं त्याच्याजवळ बसन. बोलन नाई, नुसतं बसन."

भिंतीत खुंट्या ठोकल्या होत्या, दप्तरं अडकवायला. प्रत्येक खुंटीवर एक चित्र. बैल, खेकडा, करवंदाची डहाळी, कंदील. ज्याला जे आवडेल ते त्यानं घ्यायचं. खाली नुसतं नाव, आडनाव नाही. कोनाड्यात प्रत्येकानं घरून एक वस्तू आणून ठेवायची. आजीचा बटवा आणा, बापाच्या गमछ्याचा तुकडा आणा, काहीही. आठवण आली की जाऊन हात लावून यायचं.

आणि एक गोष्ट तिनं बकाराम सरांनाही हात जोडून सांगितली होती. पहिल्या महिन्यात कोणत्याही मुलाला "कोणाचा गा तू?" असं विचारायचं नाही. आमच्याकडे लहान मूल दिसलं की पहिला प्रश्न तोच असतो. सर हसले. म्हणाले, "मग काय विचारू, आधार नंबर?"

तिचं कारण मला माहीत होतं. ती पहिलीत गेली तेव्हा गुरुजींनी तिला तेच विचारलं होतं. ती म्हणाली, छोटेलालची. एका पोरानं नाक दाबलं, मग सगळ्यांनी दाबलं, आणि गुरुजीही हसले. ते वर्ष तिनं दाराशी बसून काढलं. हे तिनं मला भिंत पोतारता पोतारता सांगितलं, दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं.

त्या दिवसांत तिच्या मागेपुढे असायचा तो हिमांशु. आमच्या भासऱ्यांचा नातू. भासरे म्हणजे यांचे थोरले भाऊ, केवळराम. शाळा समितीचे अध्यक्ष तेच. गावात त्यांच्या शब्दाला वजन आहे, आणि घरात तर आहेच. मी अजून त्यांच्यापुढे बोलत नाही. डोक्यावर पदर घेऊन दाराआड उभी राहते. काही सांगायचं झालं तर जावेमार्फत सांगते. हिमांशुनं बैलाची खुंटी आपल्यासाठी धरून ठेवली होती. वर्गात येताना रोज दारात नमस्कार करायचा, पण कसा ते मुलानं ठरवायचं, असा रेणूचा नियम होता. हात जोडा, टाळी द्या, काहीही. हिमांशुनं स्वतःचा काढला, कोपराला कोपर लावायचं. दिवसातून दहा वेळा दाराबाहेर जायचा आणि परत येऊन कोपर लावायचा.

वर्ग रंगवून झाला तेव्हा भासरे पाहायला आले. खाली सतरंजीवर मांडी घालून बसले, सगळीकडे नजर फिरवली.

"असा वर्ग त गोंदियात नाई," म्हणाले.

रेणूनं लगेच विचारून घेतलं. "मोठे काका, हिमांशु येथीच बसन ना जी?"

"हे काय विचारनं झालं? अध्यक्षाचं पोट्टं गावच्या शाळेत नाई, त मंग कोणाचं येईन? माहा हिमांशु पहिल्या नंबरनं येईन."

एवढ्यावर ते थांबले नाहीत. आम्हाला दोघींना घेऊन गावदेवी मातामायच्या पारावर गेले, नारळ फोडला आणि म्हणाले, "माय, ह्या पोरीचा वर्ग भरू दे." मी पदराआडून हात जोडले. देवापुढे बोललेला शब्द आहे, आता काळजी नाही, असं मला मनापासून वाटलं.

तर हळद त्यासाठी पाहिजे होती. रेणूचं म्हणणं, दाखल्याचं बोलायला गेलं की लोक "पाहू, पाहू" म्हणतात. पण हळदीच्या तांदळाला कोणी नाही म्हणत नाही. आमच्या भागात लग्नाचं आवतन पिवळ्या तांदळानं देतात. तांदूळ हातात घेतले की ते घर बांधलं गेलं. घरात आजारपण असो, धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकायचे असोत, त्या घरचं माणूस आलंच पाहिजे. तेव्हा लग्नासारखंच आवतन द्यायचं, ज्या ज्या घरी पहिलीचं मूल आहे तिथे.

मला ते फार आवडलं. डाळ तशीच ठेवून मी तांदूळ हळदीत घोळले, आधी घरच्या देवापुढे ठेवले, मग मातामायपुढे, आणि आम्ही निघालो.

बोलायचं काम माझं. केवळरामची भावजय म्हटल्यावर दारं उघडत. मी प्रत्येक घरी एकच सांगायची, "शाळा सुरू होऊन राहिली, तुमचं लेकरू पाठवा. दादांचा हिमांशु बी येऊन राहिला." हे शेवटचं वाक्य ऐकलं की बायांचा चेहरा बदलायचा. "असं काय? मंग आमचं काऊन नाई येणार." पहिल्या दोन-तीन घरी तांदूळ रेणूनं दिले. तिच्या हाताला हात लागू नये म्हणून बायांनी पदर पसरला. माझ्या हातून घेताना ओंजळ केली. मी पाहिलं, तिनंही पाहिलं. पुढच्या घरी तिनं ताट माझ्याकडे दिलं आणि माझी पिशवी घेतली.

धिवरटोलीत रुचिका आणि गुड्डू या पहिलीच्या पोरांच्या घरी तांदूळ द्यायला गेलो तेव्हा रुचिकाची माय हसली. "आमाले कायले तांदूळ? आमची त येईनच. व्हॅनवाला आमच्या गल्लीत कोठी येते?"

शाळा उघडायच्या दिवशी मी लवकर आंघोळ करून देवपूजा आटोपली आणि ओवाळायचं ताट घेऊन शाळेत गेले. रेणूनं दाराला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. नवी साडी तिला घेता आली नव्हती, पण जुनी इस्त्री करून नेसली होती. बकाराम सर घड्याळ पाहत व्हरांड्यात उभे होते.

आधी रुचिका आली, गुड्डू आला, आणि टोलीतली आणखी दोन मुलं. रेणूनं एकेकाला दारात विचारलं, कसा नमस्कार करायचा. गुड्डूनं काहीच केलं नाही, पोत्यावर जाऊन बसला आणि रडायला लागला. रेणू म्हणाली, "बस, बस."

मग फाटकातून सुमित्राबाई आल्या. सुमित्राबाई म्हणजे माझ्या जाऊबाई, हिमांशुची आजी. चांगलं लुगडं नेसलेल्या, हातात नारळ. त्यांच्यामागे चौधऱ्यांच्या घरची म्हातारी. मग शामकलाबाई, बरोबर सून नाही, नातू नाही, एकट्याच. मग मंगरू पाटील टोपी घालून. एकेका घरचं एकेक माणूस येत होतं, आणि मूल कोणाबरोबरच नव्हतं.

मला वाटलं, मुलं मागून येत असतील. मी ताट धरून फाटकाशी उभीच राहिले.

म्हातारी माणसं रेणूच्या वर्गात गेली, सतरंज्यांवर बसली. कोणी नारळ दिला, कोणी मुलांसाठी पेढे आणले होते. शामकलाबाईंनी खुंट्यांची चित्रं पाहून "लय गोड काढले वो पोरी" म्हटलं. मंगरू पाटलांनी कोनाड्यात हात घालून पाहिलं. भासरे सगळ्यात शेवटी आले. पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, अध्यक्षाला शोभेल असे. एकटेच.

तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. पिवळी व्हॅन शाळेसमोरून हळूहळू जात होती, कारण रस्त्यात आमच्याच गावची माणसं उभी होती. आत सगळी ओळखीची तोंडं. निळा टाय, नवी दप्तरं. हिमांशु खिडकीशी होता. त्याला रेणू दारात दिसली. त्यानं हसत हसत काचेला कोपर लावलं.

रेणूचा हात अर्धा वर आला आणि तिनं तो खाली घेतला.

मी जाऊबाईंच्या कानाशी गेले. "मोठीबाई, लेकरं कोठी हायेत? तांदूळ घेतले होते ना सगळ्यायनं?"

त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "घेतले म्हणून त आलो. घरटी एक माणूस आलं का नाई? चूलबंद थोडी होतं आवतन."

चूलबंद म्हणजे अख्ख्या घराला आवतन, त्या दिवशी घरी चूल पेटवायची नाही. तसं आम्ही म्हटलं नव्हतं हे खरं. पण लेकरू पाठवा हे मी प्रत्येक उंबऱ्यावर म्हटलं होतं, आणि प्रत्येक उंबऱ्यावर मला हो मिळालं होतं. आवतनाचा मान सगळ्यांनी राखला. शब्द कोणीच राखला नाही.

भासऱ्यांनी भाषण केलं. गावची शाळा ही आपली माय आहे, असं म्हणाले. मला ऐकवेना. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यासमोर तोंड उघडलं. त्यांच्याशी बोलता येत नव्हतं, म्हणून मी पोत्यावर रडणाऱ्या गुड्डूकडे पाहून बोलले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"रड गा बाबू. मायले सोडून आलेल्यायनं रडावं. काही जण त मायले सोडून भाषण करून राहिले."

भासऱ्यांनी उपरणं सारखं केलं आणि पुढे बोलत राहिले. जाऊबाईंनी माझ्या कोपराला चिमटा काढला.

घरी आले तेव्हा हे जेवायला बसले होते. माझे यजमान, चैतराम. मी ताट वाढलं आणि सगळं सांगितलं. यांनी मान हलवत ऐकलं, आणि ऐकताना यांच्या तोंडावर नवल नव्हतं. तिथेच मला समजलं.

"तुमाले माहीत होतं."

"होळीलाच ठरलं होतं ते," हे म्हणाले. "गजेंद्रनं हिमांशुचं नाव घातलं कॉन्व्हेंटात. पोराच्या बापापुढे दादाचं काय चालते? मंग बाकीच्यायनं बी घातलं."

"आणि मातामायपुढे नारळ फोडला तो?"

"दादाले तोंडावर नाई म्हणता येत नाई कोणाले. तुले माहीत हाय."

"मले नाई माहीत. मी त्यायच्या नावानं घरोघरी फिरली. तुमी रोज पाहून राहिले होते. एका शब्दानं सांगतलं नाई."

हे भात कालवत म्हणाले, "सांगतलं असतं त तू गेली असतीस काय? अन् तू नाई गेली असतीस त दादाचं कसं दिसलं असतं?"

म्हणजे ज्या ज्या घरी मी तांदूळ दिले, त्या घरांना माहीत होतं. ओंजळ करणाऱ्या बायांना माहीत होतं. "दादांचा हिमांशु बी येऊन राहिला" म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलायचा, तो आनंदानं नव्हता. त्यांना हसू दाबायचं होतं. अख्ख्या गावात न कळलेल्या आम्ही दोघीच होतो, मी आणि रेणू. मी त्या रात्री देवापाशी दिवा लावला, पण काही मागितलं नाही. मातामायचं यात काही चुकलं असं मला वाटत नाही. तिच्यापुढे बोलणाऱ्यानं विचार करायला हवा होता.

रेणूनं मात्र चौघांचा वर्ग पूर्ण वर्गासारखा घेतला. रोज सकाळी ती टोलीत जाऊन रुचिकाला आणायची, कारण रुचिकाची माय रोवणीच्या कामाला पहाटेच जाते आणि पोरगी एकटी निघत नाही. गुड्डू आठवडाभर पोत्यावर बसला. मग एका दिवशी उठून कंदिलाच्या खुंटीखाली जाऊन बसला, कोणी काही न म्हणता. मी ते माझ्या मागच्या दारातून पाहिलं. रेणूनं फळ्यावरचं लिहिणं थांबवलं नाही, फक्त मान थोडी वळवली.

समितीची सभा झाली. बकाराम सरांनी सांगितलं, चार मुलं आहेत, मी दुसरीबरोबर घेतो. भासऱ्यांनी सही केली. रेणूला बोलावून सांगितलं, "पोरी, तुह्या कामात खोट नाई. पन पोट्टेच नाईत त आमी काय करावं?"

ती म्हणाली, "हो जी."

आणि त्याच संध्याकाळी जाऊबाई माझ्याकडे आल्या. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलल्या, मग म्हणाल्या, "हिमांशु लय रडते वो. व्हॅनमधी बसतच नाई. तेथी मॅडम इंग्लिशमधी बोलते, त्याले समजत नाई. रात्री झोपेत रेणू रेणू करते. तिले सांग ना, संध्याकाळी आमच्या घरी येऊन शिकवत जाय म्हणून. आता त ती मोकळीच हाय. तुह्या शब्दाले ती नाई म्हणणार नाई."

त्या हे सहज बोलल्या. त्यांच्या मनात काही वावगं नव्हतंच, हेच मला सहन होईना.

"मोठीबाई," मी म्हटलं, "आता तांदूळ तुमचे तुमीच घेऊन जा."

त्या रागानं उठल्या, पण गेल्या, कारण नातू खरंच रडत होता. मीही मागून गेले. रेणू वर्गात कोनाडा रिकामा करत होती. ज्याची वस्तू त्याला परत द्यायला तिनं एकेक कागदात बांधली होती. सतरंज्या गुंडाळून ठेवल्या होत्या. खुंट्या मात्र तिनं काढल्या नव्हत्या.

जाऊबाईंनी सांगितलं. तुला आम्ही असंच ठेवणार नाही, काहीतरी देऊ, असंही म्हणाल्या.

रेणूनं शेवटच्या पुडीला गाठ मारली. "मोठी काकी, हिमांशुले मी शिकवलं असतं. येथी बसून. सगळ्यायबरोबर."

"ते आता कसं होते? नाव घातलं ना तिकडे."

"मंग राहू द्या जी."

"घरी येशीन त तुले काय जड हाय?"

"तुमच्या घरी मले कोणत्या दारानं या लागन?" रेणूनं विचारलं. आवाज चढवला नाही, खरंच माहिती हवी असल्यासारखं विचारलं.

जाऊबाई पदर खोचून फाटकाकडे गेल्या. फाटकातून परत वळून मला म्हणाल्या, "तूच फितवलं तिले."

वर्गाला कुलूप लावून रेणू माझ्या पायरीवर आली. चावी बकाराम सरांना द्यायला माझ्याकडे दिली. रुचिकाला सकाळी घरून आणावं लागतं, नाहीतर ती येत नाही, हे सरांना आठवणीनं सांगा म्हणाली. मी चहा टाकते म्हटलं तर नको म्हणाली, बाप जाळं विणत बसला आहे, त्याला अजून काही सांगितलं नाही.

उद्या सकाळच्या एसटीनं ती तिरोड्याला जाणार आहे. तिथे एका कापडाच्या दुकानात बाई पाहिजे असं कळलं आहे, ते विचारायला.